नाला खोदण्याआधी विहीर मोजा
पाणलोट: वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

या वेळी बहुतेक पत्रं खान्देशातली आहेत, साक्रीपासून रावेरपर्यंतची. नाला किती मीटर खोदला, पोकलेन किती तास चालला, चर किती काढले याचे आकडे त्यांत भरपूर आहेत. कामाआधी विहिरीत पाणी किती होतं, हा आकडा मात्र एकाही पत्रात नाही. म्हणून सुरुवात मोजणीच्या प्रश्नापासून करतो.

आमचं गाव पांझरेच्या खोऱ्यात आहे, क्षेत्र सुमारे ६०० हेक्टर. गावातल्या पोरांनी पाण्याची नोंद ठेवायचं ठरवलंय. महागडी यंत्रं घेणं जमणार नाही. नेमकं काय मोजावं आणि कसं?
— वाचक, ता. साक्री

पाऊस, विहिरी आणि नाला या तीन गोष्टी मोजल्या तरी पुरे. मात्र त्या सलग मोजल्या पाहिजेत. चार महिने नोंद ठेवून वही बंद केली तर तिचा उपयोग होत नाही.

पावसापासून सुरू करा. महसूल मंडळाचं हवामान केंद्र तुमच्या शिवारापासून लांब असू शकतं, आणि खान्देशातला पाऊस एका शिवारात झोडपतो तर शेजारचं शिवार कोरडं ठेवतो. म्हणून गावाचं स्वतःचं पर्जन्यमापक हवं. २० सें.मी. व्यासाचं नरसाळं घ्या, ते एका कॅनच्या तोंडावर घट्ट बसवा आणि कॅन जमिनीत अर्धा गाडा. २० सें.मी. तोंडाच्या नरसाळ्यात १ मि.मी. पावसाचं ३१.४ मिलिलिटर पाणी जमतं. औषधाच्या दुकानातल्या मोजपात्राने ते मोजा आणि ३१.४ ने भागा. वेळ रोज सकाळी साडेआठची ठेवा. हवामान खातंही त्याच वेळी मोजतं, त्यामुळे तुमचे आकडे त्यांच्या आकड्यांशी ताडता येतात. झाड किंवा भिंत जेवढी उंच असेल, तिच्या दुप्पट अंतर मोकळं सोडा. बहुतेक ठिकाणी नेमकी इथेच चूक होते: मापक शाळेच्या पत्र्याखाली किंवा निंबाच्या शेजारी बसतं आणि पाऊस कमी दिसतो.

विहिरी सगळ्या मोजायची गरज नाही. माथ्याकडच्या तीन, मधल्या तीन आणि नाल्याकाठच्या तीन निवडा. यांतली निदान एक विहीर अशी असू द्या, जिच्या आसपास बंधारा, तळं, चर असं काहीच होणार नाही. पुढे फरक कामामुळे पडला की चांगल्या पावसामुळे, हे ती विहीर सांगेल. कठड्यावर ऑइल पेंटने एक खूण करा आणि कोणीही मोजलं तरी त्याच खुणेपासून मोजा. आलेल्या आकड्यातून कठड्याची उंची वजा केली की जमिनीपासूनची खोली मिळते. टेपच्या टोकाला लोखंडी नट बांधा आणि शेवटच्या मीटरभर भागाला खडू फासा. खडू जिथपर्यंत ओला झाला तिथे पाणी.

मोजणीची वेळ जपावी लागते. मोटार चालू असताना किंवा नुकतीच बंद झालेली असताना घेतलेली पातळी खोटी असते. ‘पहाटे मोजा’ असं पुस्तकात लिहिलेलं असतं, पण शेतीची थ्री-फेज वीज रात्रपाळीची असेल त्या आठवड्यात पहाटेच मोटार चालू असते. तेव्हा शेवटचा उपसा होऊन सात-आठ तास उलटलेत ना, हे विचारून मोजा आणि वहीत एक रकाना ‘मोटार कधी बंद झाली’ याचाही ठेवा. महिन्यातून एकदा मोजलं तर उत्तमच. तेवढं जमत नसेल तर जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर हे चार महिने चुकवू नका. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी याच महिन्यांत मोजते.

नाल्यासाठी सगळ्यात स्वस्त नोंद म्हणजे तो आटल्याची तारीख. पाऊस थांबल्यावर नाल्यात येतं ते डोंगरातून झिरपलेलं पाणी. माथ्यावरचं काम साधलं असेल तर ही तारीख वर्षागणिक पुढे सरकते. प्रवाह मोजायचा असेल तर जाड पत्र्यात ९० अंशांची व्ही आकाराची खाच कापून ती नाल्यात आडवी बसवा. खाचेच्या टोकापासून पाणी किती सें.मी. उंच आहे ते पत्र्यापासून वरच्या बाजूला हातभर मागे मोजा, कारण खाचेजवळ पाणी वाकतं. उंची ५ सें.मी. असेल तर सेकंदाला पाऊण लिटर, १० असेल तर साधारण ४.४ लिटर, १५ असेल तर १२ लिटर आणि २० असेल तर २५ लिटर पाणी जातं. उंची दुप्पट झाली की पाणी साडेपाच पट होतं, त्यामुळे अर्ध्या सें.मी.ची चूकही चालत नाही. पत्र्याच्या खालून किंवा कडेने पाणी गळत असेल तर मोजणी वाया गेली. काळी चिकणमाती तुडवून कडा बंद करा.

तुमच्या भागात फडाचा (गावाने मिळून पाणी वाटून घ्यायच्या पद्धतीचा) जुना दगडी बंधारा असेल तर पोरांना आधी तिथे न्या. माथा सपाट असलेला बंधारा म्हणजे आयतं मोजमाप आहे. त्यावरून किती सें.मी. पाणी वाहतं याची रोजची नोंद ठेवली तरी प्रवाहाचा चढउतार कळतो. पांझरेकाठी पाटकऱ्याने पाळीपाळीने पाणी द्यायचं आणि कोणत्या फडात कोणतं पीक घ्यायचं हे गावाने मिळून ठरवायचं, ही रीत शेकडो वर्षांची आहे. तुमची वही तेच काम पुढे नेते.

आता या आकड्यांचं करायचं काय? एक हेक्टरवर १ मि.मी. पाऊस म्हणजे १०,००० लिटर. ६०० हेक्टरवर ५५० मि.मी. पडला तर ३,३०० टीसीएम पाणी आलं (एक टीसीएम म्हणजे हजार घनमीटर, दहा लाख लिटर). मे ते ऑक्टोबर विहिरी सरासरी ४ मीटर चढल्या असं समजा. आपल्या झिजलेल्या काळ्या खडकात पाणी धरायची जागा जेमतेम २ टक्के असते. म्हणजे ६०० हेक्टर गुणिले ४ मीटर गुणिले २ टक्के, झाले ४८० टीसीएम. विहीर चार मीटर चढलेली दिसते तेव्हा खडकात आठच सें.मी. पाणी वाढलेलं असतं. गव्हाला हेक्टरी ४ टीसीएम धरले तर एवढ्यात १२० हेक्टर भिजतात. हरभऱ्याला दीड टीसीएम धरले तर ३२० हेक्टर. पिण्याचं पाणी आणि गुराढोरांचं पाणी यातून आधीच बाजूला काढा. हा हिशेब ऑक्टोबरच्या ग्रामसभेत फळ्यावर मांडा. रब्बीची पेरणी झाल्यावर मांडून काही हाती लागत नाही.

गेल्या उन्हाळ्यात लोकवर्गणीतून नाला दहा-बारा फूट खोल केला. पावसाळ्यात तुडुंब भरला, सगळे खूश. पण नाल्याकाठच्या विहिरी दरवर्षी फेब्रुवारीपर्यंत टिकायच्या, त्या डिसेंबरातच बसल्या. असं का झालं?
— वाचक, ता. पारोळा

पत्रावरून दिसतं ते असं, की नाला तुमच्या विहिरींच्या पाण्याखाली उतरला आहे. आपल्याकडे वर माती, तिच्याखाली मुरूम, मग भेगांचा किंवा मांजऱ्या (बारीक पोकळ्यांचा) खडक आणि त्याखाली घट्ट काळा पाषाण असा क्रम साधारणपणे सापडतो. विहिरीचे झिरे मुरमात आणि भेगांच्या थरात असतात. नाल्याने तोच थर कापला की पाऊस थांबल्यावर पाणी नाल्यातून विहिरीकडे जाण्याऐवजी विहिरीकडून नाल्याकडे येतं. तिथून ते खाली वाहून जातं, नाहीतर उन्हात उडतं. खान्देशच्या उन्हात ऑक्टोबर ते मे या काळात उघड्या पाण्याचा दीडेक मीटर थर नुसता बाष्प होऊन जातो. म्हणून तुडुंब भरलेल्या नाल्याचा फोटो हा काही पुरावा नव्हे.

खात्री करणं सोपं आहे. नोव्हेंबरात गवंड्याची लेव्हलची पारदर्शक नळी घ्या आणि नाल्यातलं पाणी व जवळच्या विहिरीतलं पाणी यांची पातळी एकाच खुणेशी ताडा. विहिरीचं पाणी उंच असेल तर नाला विहीर उपसतो आहे. नाल्याचं पाणी उंच असेल आणि तरीही विहीर चढत नसेल तर तळाशी गाळ बसला आहे. काळ्या मातीचा बारीक गाळ विताएवढाही साचला तरी तळ लिंपल्यासारखा होतो.

पहिला प्रकार असेल तर आणखी खोदू नका. खोदलेल्या लांबीत दर शंभरेक मीटरवर मुरमाचा आडवा भराव घाला, वरच्या अंगाला दगडाचं अस्तर करा आणि पाणी ओलांडायला दगडी सांडवा ठेवा. वाहून जाणारं पाणी जागोजाग अडेल आणि नाल्यातली पातळी विहिरीच्या पातळीच्या वर राहील. नवं काम करताना तर हा अडसर न खोदताच सोडायचा असतो. नंतर घातलेला भराव त्याच्याइतका मजबूत होत नाही. दुसरा प्रकार असेल तर एप्रिल-मेमध्ये नाला कोरडा झाल्यावर फक्त गाळ काढा, मूळ मुरमाला दात लावू नका. काढलेला गाळ काठावर ढीग करून ठेवला तर पहिल्याच पुरात तो परत आत येतो. त्याच आठवड्यात तो शेतात गेला पाहिजे.

बऱ्याच पत्रांत ‘शिरपूर पॅटर्नप्रमाणे’ असे शब्द येतात. शिरपूर तालुक्यात भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी २००४ पासून नाले रुंद-खोल करून त्यांवर ओळीने सिमेंटचे बंधारे घातले. ते काम आधी भूस्तर वाचून केलेलं होतं. तापीच्या गाळाच्या पट्ट्यात पाणी न मुरू देणारा मातीचा थर काढून खालच्या मुरणाऱ्या थराला पोचायचं असतं. काळ्या खडकात गणित वेगळं असतं. शिरपूरची खोली पारोळ्याच्या नाल्याला जशीच्या तशी लावता येत नाही. खोदण्याआधी दोन्ही काठांच्या चार विहिरींत डोकावून कोणता थर किती फुटांवर आहे ते कागदावर काढा. विहीर बांधून काढलेली असेल तर ती खोदणाऱ्यांना विचारा, त्यांना थर तोंडपाठ असतात.

धुळे-नंदुरबारकडच्या वाचकांसाठी आणखी एक गोष्ट. तुमच्याकडे काळ्या दगडाच्या लांबच लांब भिंतींसारख्या टेकड्या साधारण पूर्व-पश्चिम पसरल्या आहेत. भूवैज्ञानिक त्यांना डाइक म्हणतात. अशी भिंत नाल्याच्या तळातून जात असेल आणि ती अखंड असेल, तर जमिनीखालचं पाणी तिच्या वरच्या अंगाला तुंबतं. खालच्या अंगाच्या विहिरी कमजोर असतात. भिंत भेगाळलेली असेल तर ती स्वतःच पाणी वाहून नेते. दोन्ही बाजूंच्या विहिरींची मार्चमधली पातळी ताडली की कोणता प्रकार आहे ते कळतं. बंधाऱ्याची जागा अखंड भिंतीच्या लगेच वर धरा, पायालाही पक्का खडक मिळतो. खोलीकरणाच्या नादात ही भिंत सुरुंग लावून फोडली, तर वरच्या शिवाराचं तुंबलेलं पाणी कायमचं निघून जातं. ते नुकसान भरून काढायला उपाय नाही.

डोंगरउतारावर श्रमदानातून समपातळी चर काढले. जूनच्या पहिल्याच मोठ्या पावसात चार-पाच ठिकाणी फुटले आणि तिथे घळी पडल्या. चूक कुठे झाली?
— वाचक, ता. अक्कलकुवा

चर फुटतो तो बहुतेक वेळा समपातळीत नसतो म्हणून. पन्नास मीटरच्या चरात एक टोक वीतभर खाली असलं तरी सगळं पाणी तिथे जमून तिथूनच फुटतं. आखणी ए-फ्रेमने (ए अक्षरासारखी बांबूची चौकट, तिला वरून ओळंब्याचा दोरा) केली असेल तर तिची खूण तपासा: फ्रेम दोन खुंट्यांवर उभी करा, दोरा आडव्या काठीवर कुठे येतो ते टिपा, मग फ्रेम उलटी फिरवून त्याच खुंट्यांवर ठेवा आणि पुन्हा टिपा. दोन्ही खुणांचा मध्य हीच खरी पातळी. हे रोज सकाळी करायचं, कारण बांबू वाळतो आणि बांधलेली दोरी सैल होते. हायड्रोमार्कर (पाण्याच्या नळीने पातळी दाखवणारं साधन) वापरत असाल तर नळीत बुडबुडा राहू देऊ नका. नळीचा अर्धा भाग उन्हात आणि अर्धा सावलीत असला तरी फरक पडतो.

दुसरं म्हणजे चर सलग शंभर मीटर ओढू नका. दर दहा-पंधरा मीटरवर हातभर जागा न खोदता ठेवा. एक तुकडा फुटला तरी बाकीचे वाचतात. ओघळ आली की तिच्या दोन-तीन मीटर अलीकडे चर थांबवा आणि ओघळीत अनघड दगडांचा बांध घाला. माती खालच्या बाजूला टाका, चराच्या काठापासून वीतभर जागा सोडून. आणि सुरुवात माथ्यावरून करा. पायथ्याचे चर आधी खोदले तर वरून येणारं सगळं पाणी त्यांच्यावर कोसळतं.

अंतराचा हिशेबही करून पाहा. ६० सें.मी. रुंद आणि ३० सें.मी. खोल चराच्या एका मीटरमध्ये १८० लिटर पाणी मावतं. ५० मि.मी. पाऊस पडून त्यातला निम्मा वाहिला, तर दोन चरांत सात मीटर अंतर असताना जवळपास तेवढंच पाणी येतं. तुमच्या पत्रात पंधरा मीटर अंतर लिहिलं आहे. म्हणजे पातळी अचूक असती तरी अशा पावसात ते भरून वाहिलेच असते. उतार फार खडा असेल तिथे चर नकोतच. तिथे दगडी बांध, गवत आणि चराईबंदी यांचा उपयोग होतो. भरावावर पहिल्या पावसाबरोबर स्टायलो किंवा मारवेल लावा. उघडी माती दुसऱ्या वर्षापर्यंत टिकत नाही. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने जंगल राखलं ते कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदीचे नियम गावाने स्वतः घालून. पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. तिथलं पाणी वाढण्यात चर-बांधांइतकाच या नियमांचा वाटा आहे. जमीन वनखात्याची असेल तर परवानगी आधी घ्या. सामूहिक वनहक्क मिळाला असेल तर गावाच्या व्यवस्थापन आराखड्यात हे काम लिहून घ्या.

वनराई बंधारा कधी बांधावा? आमचा दरवर्षी गळतो.
— वाचक, ता. भडगाव

पाऊस ओसरला पण नाला वाहतो आहे, असा सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचा काळ धरा. डिसेंबरात बांधलेल्या बंधाऱ्याला अडवायला पाणीच उरत नाही. गळतो याचं कारण बहुधा वाळू: वाळूने भरलेल्या पोत्यातून पाणी आरपार जातं. सिमेंटची रिकामी पोती मुरूम-मातीने पाऊण भरा, म्हणजे ती एकमेकांवर चपटी बसतात. तोंड शिवा, विटांसारखे सांधे चुकवून रचा. पोत्यांच्या दोन भिंती घालून मध्ये काळी माती तुडवून भरली की गळती बरीच थांबते. पायाची वाळू खरवडून काढल्याशिवाय पहिला थर ठेवू नका. मे महिन्यात पोती उचलून घ्या, नाहीतर त्यांचे प्लास्टिकचे धागे पुरात नदीभर होतात.

आमच्याकडे बोअर शेकडो फूट खोल गेल्या आहेत. छोटे बंधारे बांधून त्यांना पाणी येईल का? कोरड्या बोअरमध्ये नाल्याचं पाणी सोडलं तर?
— केळी उत्पादक, ता. रावेर

तापीच्या उत्तरेकडे जाड गाळाचा प्रदेश आहे आणि त्यात चिकणमातीचे थर आडवे पसरलेले आहेत. मधल्या पट्ट्यात अडवलेलं पाणी वरच्या थरात राहतं, खोल बोअरपर्यंत सहसा पोचत नाही. पुनर्भरणाची खरी जागा सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. तिथे दगडगोटे आणि भरड वाळूचा पट्टा आहे, नाले तिथे येऊन जमिनीत नाहीसे होतात. म्हणून तुमच्या बोअरसाठीचं काम तुमच्या शेतात नसून वरच्या गावात आहे, आणि वर्गणीही तिकडे गेली पाहिजे. हे ग्रामसभेत पटवणं अवघड जातं, पण पाण्याची वाट तीच आहे.

कोरड्या बोअरमध्ये पाणी सोडता येतं, पण गाळल्याशिवाय कधीच नाही. केसिंगभोवती (बोअरच्या तोंडाच्या नळीभोवती) दोन मीटर लांब-रुंद-खोल खड्डा घ्या. खड्ड्यातल्या केसिंगच्या खालच्या भागाला छिद्रं पाडा आणि त्यावर नायलॉन जाळी दोनदा गुंडाळा. खड्ड्यात तळाला मोठे दगड, त्यावर खडी, सगळ्यात वर भरड वाळूचा हातभर थर. केसिंगचं तोंड झाकणाने बंद. पहिल्या एक-दोन पावसांचं गढूळ पाणी बाहेरच काढा. दरवर्षी उन्हाळ्यात वाळूचा वरचा वीतभर थर बदला, नाहीतर दुसऱ्या वर्षी खड्डा नुसता डबकं होतो. केळीच्या शेतातलं पाणी यात सोडू नका. युरिया आणि फवारणीची औषधं थेट गावाच्या पिण्याच्या पाण्यात जातील, आणि जमिनीखालचं पाणी एकदा बिघडलं की धुऊन काढता येत नाही.

बचत गटाने टीडीएस मीटर घेतला. विहिरीच्या पाण्याचा आकडा ४५० आला. पाणी पिण्यास चांगलं म्हणावं का?
— बचत गटाच्या महिला, ता. चोपडा

ताई, एवढ्यावरून म्हणता येत नाही. टीडीएस म्हणजे विरघळलेल्या क्षारांची एकूण बेरीज. ५०० च्या आत असली तरी त्यात नायट्रेट किती हे मीटर सांगत नाही, आणि जंतू तर त्याला दिसतच नाहीत. नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या आत हवं. ते ग्रामपंचायतीकडच्या तपासणी किटने, रंग ताडून कळतं. जंतूंसाठी एच-टू-एस बाटली वापरा. खुणेपर्यंत पाणी भरून सावलीत ठेवा. २४ ते ४८ तासांत काळं पडलं तर पाणी उकळल्याशिवाय पिऊ नका. बाटलीच्या तोंडाला बोट लागलं तरी निकाल चुकतो. ही तपासणी पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर, अशी दोनदा करा.

गिरणेतून वाळू उपसली जाते, काठच्या विहिरी खाली चालल्या आहेत. गावाने काय करावं?
— वाचक, ता. पाचोरा

भरड वाळूच्या एका घनमीटरमधून दोनशे लिटरच्या आसपास पाणी मिळतं. वाळू गेली की ती साठवणही गेली, शिवाय पात्र खाली उतरल्याने काठच्या विहिरींचं पाणी नदीकडे ओढलं जातं. ‘वाळू उपसतात’ या तक्रारीपेक्षा मोजलेला पुरावा जास्त टिकतो. दोन्ही काठांवर सिमेंटचा एकेक खांब रोवा, जानेवारीत आणि मेअखेर त्यांच्यामध्ये दोरी ताणा आणि दर दोन मीटरवर दोरीपासून पात्र किती खोल आहे ते लिहा. दोरी लोंबते, म्हणून दर दहा मीटरवर काठीचा आधार देऊन ती नळीने समपातळीत आणा. याच दिवशी काठच्या तीन विहिरीही मोजा. हे दोन्ही आकडे, तारीख आणि ठिकाण दाखवणारे फोटो ग्रामसभेच्या ठरावाला जोडून तहसीलदारांकडे आणि जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्यांकडे द्या, पोच घ्या. मोजणी दिवसाउजेडी आणि दहाजणांनी मिळून करावी. रात्री ट्रॅक्टर-डंपर अडवायला पोरांना नदीत पाठवू नका. ते काम महसूल आणि पोलिसांचं आहे.